दशांशाची दोन वजने

यहुदी धर्मशास्त्रात दानाला ‘त्सदाका’ म्हणतात, आणि ह्या शब्दाचे मूळ दयेत नसून न्यायात आहे. दरिद्र्यास दिलेला पैसा हा दात्याचा उपकार नव्हे, तर देणे होय, असा त्यातील आशय. प्राप्तीचा दशांश काढून ठेवण्याची वहिवाट ह्याच भूमिकेस धरून आहे. सोळाव्या शतकातील ‘शुल्हान आरुख’ ह्या धर्मनिबंधाने पंचमांश उत्तम, दशांश मध्यम आणि त्याहून कमी देणे हा कृपणपणा ठरविला.

परंतु सरकारे दानावर प्राप्तिकराची सूट देऊ लागल्यापासून ह्या हिशेबात एक पळवाट शिरली आहे. अमेरिकेत अशी सूट १९१७ पासून आहे. वरच्या उत्पन्नावर २४ टक्के कर भरणाऱ्या गृहस्थाने १०० डॉलर देऊन वजावट घेतली, म्हणजे त्याचा कर २४ डॉलरांनी घटतो. पदरचे जातात ते ७६. मग दशांशाच्या वहीत मांडावयाचे किती? कित्येक म्हणतात, शंभर. कारण गरिबाच्या हाती शंभर पडले.

हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. दशांश मोजताना हेच गृहस्थ प्राप्तीतून सरकारी कर आधी वजा करतात. जे हाती राहिलेच नाही त्याचा दशांश कसला, हे त्यांचे म्हणणे रास्तच आहे. पण मग जे हातून गेलेच नाही ते दान कसले? ‘वाचलेले २४ डॉलर आम्ही नवी प्राप्ती समजतो व तिचाही दशांश देतो,’ असे कोणी म्हणेल. म्हणजे किती? दोन डॉलर चाळीस सेंट! ब्रिटनमध्ये १९९० साली सुरू झालेल्या ‘गिफ्ट एड’ पद्धतीत आज १०० पौंडांच्या देणगीवर सरकार २५ पौंड परस्पर संस्थेस देते. तेथील दाता ‘मी सव्वाशे दिले’ म्हणू लागला तर त्याचे हसे होईल. अमेरिकेतील २४ डॉलरही तितकेच सरकारचे; ते दात्याच्या खिशातून फिरून जातात, एवढाच भेद.

करसूट वाईट, असे आमचे म्हणणे नाही. ती अवश्य घ्यावी. मात्र तिचा लाभ गरिबास व्हावा. पदरचे शंभर जावेत असे वाटत असेल, तर ह्या दराने सुमारे १३२ डॉलर द्यावेत. घेण्याचे एक व देण्याचे दुसरे अशी दोन वजने पिशवीत बाळगू नयेत, ही तोराची आज्ञा केवळ वाण्यांसाठी नाही. ती दात्यांसही लागू आहे.