हंसांना उडवू नका

तुमसर तालुक्यात चांदपूर जलाशयासारख्या पाण्यावर नौकाविहार हवा, ही मागणी रास्तच आहे. गावात चार पैसे येतात. पण भंडारा-गोंदियाच्या तलावांवर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस उतरतात. मासेमार ढिवरांचा डोंगा, म्हणजे छोटी होडी, संथ, ठरल्या वाटेने जातो. पक्षी त्याला बरेचदा सरावतात. मोटारबोट थव्याकडे वळली की सगळे उडतात, विश्रांती मोडते, आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी असल्या फुकटच्या उड्डाणांत जळते. पावसाळ्यात कमळपक्ष्याचं घरटं तरंगत्या पाणवनस्पतींवर असतं. एका लाटेनं अंडी पाण्यात जाऊ शकतात. म्हणून बोटींचा मार्ग आधी आखा, उथळ काठ आणि कमळाचे पट्टे पूर्ण सोडा, नोव्हेंबर ते मार्च इंजिनं बंद ठेवून वल्ह्यांवर भागवा.