शाळेकडे बोट, घरी मौन

र. धों. कर्व्यांचे नाव आपण परप्रांतीची मराठी मंडळी मोठ्या अभिमानाने घेतो. १९२७ ते १९५३ त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. त्याच महाराष्ट्राने २००७ साली केंद्राने आखलेले शालेय लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाखाली बंद केले! मग अभिमान तरी कशाचा बाळगावयाचा?

येथे लखनौच्या वृंदावन योजनेत बदलीवर आलेल्या घरांचा प्रश्न तर अधिकच बिकट आहे. वयात येणाऱ्या मुलीला काही तरी, अर्धेमुर्धे का होईना, सांगावयास पूर्वी आत्या, मावशी, थोरली चुलत बहीण असे. (मुलाच्या नशिबी तेवढेही नसे.) बदलीच्या सामानाबरोबर ही माणसे येत नाहीत. शाळा म्हणते, हे घरचे काम. घर म्हणते, शाळेचे. कचेरीत दोन विभागांमध्ये कागद असाच ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ फिरतो. पण कागद वयात येत नाही.

‘सांगितले तर मुले बिघडतील’ म्हणणाऱ्यांनीच मुलांच्या हाती फोन दिला आहे. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना संरक्षण दिले खरे. परंतु गाऱ्हाणे सांगावयास आधी अवयवाचे नाव उच्चारता आले पाहिजे. आपल्या मुलांना ते हिंदीतली शिवी म्हणून ठाऊक असते, मराठीत मुळीच नसते. ते आईबापांनी शिकवावे, दोघांनीही, आणि मूल सातवीत जाण्यापूर्वी.