पावलांची कीर्द

एका बाजूला वैनगंगा आणि दुसऱ्या बाजूला जुन्या किल्ल्याची तटबंदी. अशा पवनीत सकाळी फिरावयास निघालेल्याला वाट शोधावी लागत नाही. पावले आपोआप घाटाकडे वळतात. दिवसभर दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला हे चालणे आवश्यकच आहे. परंतु अलीकडे त्याबरोबर एक नवी कीर्दही सुरू झाली आहे. मनगटावरील घड्याळ पावले मोजते, मोबाइल त्यांचे गुण करतो आणि तेवढे गुण न्याहारीत खर्च करण्याची मुभा देतो. चार महिने नेमाने चालूनही वजनाचा काटा हलला नाही, की दोष नशिबाला किंवा शरीराच्या ठेवणीला दिला जातो. खरा दोष पुष्कळदा हिशेबात असतो.

गुणांची ही पद्धत अमेरिकेतून आली. जीन निडेच या गृहिणीने 1963 साली न्यूयॉर्कमध्ये ‘वेट वॉचर्स’ ही संस्था उभारली. पुढे 1997 मध्ये संस्थेने अमेरिकेत गुणपद्धती आणली. उष्मांक, स्निग्धांश आणि तंतू यांवरून प्रत्येक पदार्थाला गुण ठरले आणि दिवसाच्या गुणांना मर्यादा आली. व्यायामाचे गुण मिळवून ते आहारात वापरण्याची सोयही अशा योजनांत असते. कल्पना वाईट नाही. जे मोजले जाते त्याकडे लक्ष राहते, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावयास नको. प्रश्न आहे तो जमेच्या बाजूस काय लिहावे याचा.

उदाहरण घ्यावे. 70 किलो वजनाचा गृहस्थ ताशी सुमारे 5 किलोमीटर वेगाने 45 मिनिटे चालला, तर त्या वेळात साधारण 184 उष्मांक, म्हणजे बोलीतील कॅलरी, खर्च होतात. पण तोच गृहस्थ तेवढा वेळ स्वस्थ बसला असता, तरी श्वास, हृदय आणि देहाची ऊब यांसाठी सुमारे 53 उष्मांक लागलेच असते. हा खर्च दिवसाच्या आहारमर्यादेत आधीच धरलेला असतो. म्हणून चालण्याची निव्वळ जमा 131 इतकीच. 184 ही उलाढाल झाली, 131 हा नफा. उलाढालीलाच नफा समजून घरखर्च करणारे दुकान किती दिवस चालेल? रोजची 53 ची ही चूक वर्षभरात 19,000 हून अधिक उष्मांकांची होते. एक किलो चरबीत सुमारे 7,700 उष्मांक साठतात, हे लक्षात घेतले तर ही चूक अडीच किलोंच्या घरात जाते.

दुसरी चूक दुकानातील पावलांची. गोदामातून गल्ल्यापर्यंतच्या फेऱ्या रोजच्याच असतात, आणि आहाराची मर्यादा ठरवताना ‘दिवसभर उभे राहून काम’ असे लिहिले असेल तर त्या फेऱ्या तेथेच मोजल्या गेल्या. त्यांचे पुन्हा गुण घेणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा करणे होय.

तिसरी चूक ताटातील. 131 उष्मांक मिळवावयास पाऊण तास लागतो. ते परत करावयास 5 ग्रॅमचे तीन चमचे तूप पुरते, कारण त्यात 135 उष्मांक असतात. मूठभर शेंगदाणे, म्हणजे 30 ग्रॅम, त्याहूनही पुढे जातात. खाणे मोजताना हात सैल आणि चालणे मोजताना उदार, असे झाले की खातेवहीत शिल्लक दिसते, गल्ला मात्र रिकामा.

जैन परंपरेला आहाराची मोजणी नवी नाही. बाह्य तपांत ऊणोदरी, म्हणजेच अवमौदर्य, सांगितले आहे. पुरुषाचा पूर्ण आहार 32 कवळ आणि स्त्रीचा 28 कवळ मानून त्याहून कमी घेणे, ही त्याची रीत. या मोजणीत ‘आज अधिक चाललो, म्हणून चार कवळ अधिक’ असा व्यवहार नाही. तपाचा हेतू निर्जरा आहे, वजन घटवणे नव्हे. दोहोंची गल्लत करू नये. तरी उणे सोडलेले उणेच राहू द्यावे, ही शिकवण येथेही उपयोगी पडते.

महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली आहारपद्धतीही याच वळणाची आहे. विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर ती आधारलेली आहे. दिवसातून दोनच जेवणे आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणे, असे तिचे स्वरूप. बियासन करणाऱ्या घरांना दोन जेवणांचा नेम परिचितच आहे. त्या पद्धतीत चालणे हे रोजचे कर्तव्य आहे. त्याच्या बदल्यात तिसरे जेवण मिळत नाही.

यावरून गृहस्थाने दोन खाती निरनिराळी ठेवावीत. आहाराची मर्यादा आहाराच्या खात्यात, चालणे चालण्याच्या खात्यात. एकातून दुसऱ्यात रक्कम वळवू नये. नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते; पाऊण तासाचे चालणे त्या मुहूर्तात नेमके बसते. पायाखालचे दिसण्याइतका उजेड झाल्यावर निघाले, तर ईर्यासमितीचेही भान राहते. वजन आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी पाहावे. कंबरही मापावी, भारतीय पुरुषांसाठी 90 आणि स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालण्यापूर्वी अथवा आहार घटवण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. साखर एकाएकी उतरणे जिवावर बेतू शकते.

निव्वळ 131 उष्मांक रोज शिलकीत राहिले, तर किलोभर चरबीचा हिशेब कागदावर 59 दिवसांत पुरा होतो. प्रत्यक्षात शरीर थोडा अधिक वेळ घेते. ही गती मंद वाटेल. परंतु मुद्दल न मोडता हळूहळू वाढलेली पेढीच पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे व्यापारी घरांना ठाऊक आहे. देहाच्या पेढीलाही तोच नियम लागू आहे.