वंशावळीची जेपीजी नको

"वंशावळ फायनल झाली ना? मग जेपीजी टाका व्हॉट्सअ‍ॅपवर." कुळवृत्तांताचं काम संपत आलं की संपादक मंडळातल्या कुणा ना कुणा काकांचा हा फोन येतोच. वीस-बावीस वर्षं मी पुण्यात पुस्तकांची मांडणी करतोय. जेपीजीने माझ्या जितक्या रात्री खाल्ल्या, तितक्या शुद्धलेखनानेही खाल्ल्या नाहीत.

मागच्या वर्षी एका कुळाच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम आलं. पहिल्या आवृत्तीची वंशावळ मागितली, तर त्यांनी मोठ्या कौतुकाने पेनड्राइव्ह हातावर ठेवला. आत चौदा जेपीजी. मूळ फाइल करणारा डीटीपीवाला दुकान बंद करून केव्हाच गावी गेलेला. साडेअकराशे नावं डोळ्यांना दिसतात, पण उचलायला एक येत नाही! एका चौकटीत 'उषा' आहे की 'उमा', यावर दोन चुलतभावांची जुंपली. मोठं करून पाहावं तर अक्षरांभोवती नुसती राखाडी धूळ. ही धूळ जेपीजीच्या घडणीतच आहे. तो प्रकार फोटोंसाठी जन्मला. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा कळत नाही तेवढा तपशील टाकून द्यायचा, ही त्याची रीत. आजोबांच्या फोटोला ते खपून जातं. पांढऱ्यावरच्या काळ्या शिरोरेघेला नाही. त्यात व्हॉट्सअ‍ॅप ती पुन्हा दाबणार.

शेवटी सगळी नावं नव्याने टाइप केली. या खेपेला मात्र ग्राफव्हिजमध्ये. अमेरिकेतल्या एटी अँड टीच्या संशोधनशाळेत घडलेलं हे सॉफ्टवेअर आज फुकट मिळतं. त्यात चौकटी ओढत बसायचं नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये "गंगाधर" -> "विनायक" अशी ओळ लिहायची, की कोण कुठे बसेल आणि रेघा एकमेकींवर कमीत कमी कशा येतील, ते त्याचं ते बघतं. दत्तक असेल तर रेघ तुटक करायला त्या ओळीपुढे एक शब्द पुरतो. (सुनांची माहेरची नावं कुठे घालायची, हा वाद कोणतंही सॉफ्टवेअर सोडवत नाही.)

मग ते विचारतं, कशात देऊ? पीएनजी, जेपीजी, एसव्हीजी, पीडीएफ, पोस्टस्क्रिप्ट. यादी पुष्कळ लांब आहे. काहीच सांगितलं नाही, तर तुमच्याच ओळी प्रत्येक चौकटीची जागा लिहून परत देतं. मला हे फार आवडतं. त्याच्या हिशेबी मूळ गोष्ट ओळींची, चित्र हा त्यांचा एक पोशाख.

पीएनजी ठिपके जसेच्या तसे ठेवतो, धूळ करत नाही. पण ठिपके ते ठिपकेच. आडव्या ए-फोर पानाच्या रुंदीला तीनशे डीपीआयने ३५०८ ठिपके येतात. तेच चित्र कुलसंमेलनाच्या दहा फुटी बॅनरवर ताणलं, की इंचाला जेमतेम २९ उरतात. मांडवात खरं तर एसव्हीजी हवं. त्यात रेघ कुठून कुठे जाते हे लिहिलेलं असतं, त्यामुळे कितीही मोठं करा, कड तशीच धारदार.

एसव्हीजीत मीही एकदा तोंडघशी पडलो. त्यात नावं मजकूर म्हणून राहतात आणि सोबत फॉन्टचं फक्त नाव जातं. बॅनरवाल्याकडे तो फॉन्ट नव्हता. त्याच्या मशीनने हाताशी होता तो लावला, आणि 'विश्वनाथ'ची वेलांटी 'व'च्या पलीकडे जाऊन बसली, 'श्व'चे दोन तुकडे झाले. बॅनर छापून मांडवात आल्यावर कळलं. तेव्हापासून बाहेर द्यायच्या प्रतीत अक्षरांचे आकार करूनच पाठवतो. छापखान्याला पीडीएफ, फॉन्ट आत बसवून. पण पीडीएफवरही मी निर्धास्त नसतो. कागदावर देखणी उमटलेली मराठी नावं त्यातून कॉपी करून बघा, बऱ्याचदा काना-मात्रांची भेळ होते. म्हणून पीडीएफ दिली म्हणजे वंशावळ दिली, असं मी मानत नाही.

कुळमंडळं वर्गणी जमवून लाखाच्या घरात खर्च करतात. कागद किती जीएसएमचा, बांधणी कशी, यावर तीन-तीन बैठका होतात. फाइल कोणती घ्यायची, हे एकाही इतिवृत्तात सापडत नाही. माझं म्हणणं असं की डीटीपीवाल्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी तीन गोष्टी ताब्यात घ्या: ओळींची मूळ फाइल, एसव्हीजी आणि पीडीएफ. त्यातली मूळ फाइल तिघांच्या घरी ठेवा. आमच्यातले काही जण ती मुद्दाम देत नाहीत, पुढची आवृत्ती आपल्याकडेच यावी म्हणून. मीही सुरुवातीला दिली नव्हती, कबूल करतो. पण नावं तुमच्या घरातली आहेत. ती माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायचा मला काय हक्क?

त्या दुसऱ्या आवृत्तीच्या संपादकांना मी मूळ फाइल मेल केली. दुसऱ्या दिवशी फोन. "अहो, हे नुसतं टायपिंग आलंय. चित्र कुठाय?"