नको झालेला कलप उतरवताना



सिडकोतल्या एका वाचक भगिनीचे पत्र समोर आहे. पुतणीचे लग्न म्हणून त्यांनी घरीच कलप लावला. खोक्यावर लिहिले होते 'गडद तपकिरी', डोक्यावर झाला डांबरासारखा काळा. "टोप घातल्यासारखं दिसतंय. लग्न दहा दिवसांवर आलंय, काहीही करून हा रंग काढायचा उपाय सांगा," असे त्या लिहितात. लग्नसराईत अशी पत्रे हमखास येतात, म्हणून आजचे सगळे पान याच प्रश्नाला.

बाई, सगळ्यात आधी ते रिकामे खोके किंवा पाकीट कचऱ्यातून शोधून काढा. डोक्यावर नेमके काय बसले आहे ते कळल्याशिवाय दुसरे काहीही लावायचे नाही.

दोन बाटल्या किंवा दोन ट्यूब एकत्र कालवून लावायचा तो पक्का कलप. त्यातले रंगाचे बारीक कण केसाच्या आत शिरतात आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे तिथेच एकमेकांना जुळून मोठे होतात. मोठे झाले की बाहेर पडायला वाट नाही. 'अमोनिया नाही' असे छापलेले कलपही बहुतेक याच जातीचे, त्यामुळे तेवढ्या शब्दांवर विसंबू नका. काही कालवावे न लागणारा, नुसता चोपडायचा रंग मात्र बहुतेक वरवरचा असतो. पाच-दहा न्हाण्यांत तो आपणहून फिका होतो.

पक्क्या कलपाचाही पहिल्या दोन-तीन दिवसांत थोडा जास्तीचा रंग निघतो. रात्री कोमट खोबरेल तेल भरपूर जिरवा आणि सकाळी कोंड्याच्या शांपूने दोनदा केस धुवा. हे एक दिवसाआड तीन-चार वेळा करा. दुसरा उपाय क जीवनसत्त्वाचा. औषधाच्या दुकानातल्या साध्या गोळ्या कुटून शांपूत कालवायच्या, ओल्या केसांना अर्धा तास लावून धुवायचे आणि मग तेल लावायचे. चघळायच्या नारिंगी गोळ्या घेऊ नका, त्यांत साखर असते, केस चिकट होतात. टाळूला खरचटले असेल तर हा उपाय नको. एखादी छटा उतरेल; काळ्याचे तपकिरी होईल अशी आशा धरू नका.

काही मैत्रिणी सुचवतात, त्यावरच फिका कलप लाव. गुलमंडीजवळच्या रंगार गल्लीचे नाव घेतले तरी रंगाऱ्यांचा साधा नियम आठवावा : पिवळ्यावर काळा चढतो, काळ्यावर पिवळा चढत नाही. केसांचेही तेच. वरून लावलेला कलप आधीचा रंग उतरवत नाही, पैसे मात्र जातात. धुण्याचा सोडा, फरशीचे ब्लीच, चेहऱ्याला लावायचे ब्लीच यांतले काहीही डोक्याला लावू नका. खाण्याच्या सोड्याने केस राठ होतात, लिंबाने टाळू झोंबते, आणि रंग तिथल्या तिथेच.

आता मेंदी. खरी मेंदी केसांतल्या प्रथिनाला धरून बसते, ती निघत नाही. तेलाने जराशी मंदावते, एवढेच. पण खरा धोका 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांचा. मेंदीने कधी केस काळे होत नाहीत. नुसती नीळ मिसळली असेल तर गोष्ट वेगळी, पण पुष्कळ पुड्यांत तोच पक्क्या कलपाचा रासायनिक रंग असतो, आणि काही रंगांत धातूचे क्षारही असू शकतात. अशा केसांवर ब्लीच पडले की केस तापतात, वाफ निघते, बट हातात येते. म्हणून पार्लरमध्ये रंग उतरवायला गेलात तर मागल्या दोन वर्षांत काय काय लावले ते न लाजता सांगा, आणि मानेजवळचे चार केस कातरून त्यांच्यावर आधी करून बघा म्हणावे. 'काही होत नाही हो' असे म्हणणाऱ्या पार्लरमधून सरळ उठून या.

पार्लरमधल्या ब्लीचखेरीज, जुळलेले कण पुन्हा लहान करून धुऊन काढणारी औषधेही मिळतात. ती बरी, पण नंतर वाहत्या पाण्याखाली दहा-पंधरा मिनिटे केस धुवावे लागतात. कण आत राहिले की दुसऱ्या दिवशी रंग परत येतो. तेव्हा नळाला पाणी असेल त्याच दिवशी हे काढा, दोन बादल्यांत भागणार नाही. आणि खाली आपला जुना रंग सापडेल असे समजू नका. कलपाने तोही उतरवलेला असतो, त्यामुळे काळ्या केसांच्या जागी तांबूस-नारिंगी दिसते.

पापण्या सुजल्या, टाळूला खाज सुटली, पाणी सुटले, तर रंगाचा विचार सोडा. साध्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. घाटी रुग्णालयात त्यांचा विभाग आहे. श्वास लागला किंवा तोंड सुजले तर थेट अपघात विभागात जा. एकदा अशी अ‍ॅलर्जी झाली की तो कलप जन्मात पुन्हा लावायचा नाही, नवरा किंवा जाऊबाई काहीही म्हणोत.

सिडकोच्या भगिनींना माझे सांगणे : दहा दिवसांत तेल-शांपूचे चार फेरे करा, पुढचे केस थोडे कापून घ्या, भांग बदला, अंबाड्यावर भरपूर मोगरा माळा. काळेपणा डोळ्यांत भरतो तो चेहऱ्याभोवतीच. लग्नानंतर रंगवायचेच सोडावे वाटले, तर केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खांद्यापर्यंतचे केस बदलायला दोन-अडीच वर्षे जातील. दर दोन महिन्यांनी टोके कापत राहा.

कपाळावर, कानामागे डाग राहिले असतील तर खोबरेल तेलाचा बोळा पाच मिनिटे ठेवून हलके पुसा. रॉकेल नको.