आहेर नको, पण पिवळंच नेसा

तुळशीची लग्नं आटोपली आणि अळणावरात माणसांच्या लग्नांची लगबग सुरू झाली. धारवाडकडची गाडी धरायची की लोंढ्यावरून बेळगाव गाठायचं, बस्ता हुबळीच्या दुर्गदबैलात बांधायचा की बेळगावच्या खडेबाजारात, यावर घरोघरी खल चालू आहे. नवरा-नवरीच्या कपड्यांची आम्हाला काळजी नाही. उसनवारी करून का होईना, ते होतातच. काळजी आहे ती बोलावलेल्यांची.

पूर्वी हा भार यजमानावर असे. मामीची साडी, आत्याचं लुगडं, व्याह्यांची टॉवेल-टोपी हे सगळं बस्त्यातच मोजलेलं असायचं. त्यातून मानपान निघाले, रुसवेफुगवे निघाले, मुलीचा बाप पिळून निघाला. त्या रीतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. पण निमंत्रितानं ट्रंकेतली एक बरी साडी काढावी, डांबरगोळ्यांच्या वासासकट नेसावी आणि अक्षता टाकून जेवून यावं, एवढं सोपं होतं. आता पत्रिकेच्या तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर फर्मान येतं: हळदीला पिवळं, मेहंदीला हिरवं, रिसेप्शनला वाइन कलर. शंभर-दोनशेचं पाकीट देऊन मोकळा होणारा माणूस चौघांच्या कपड्यांसाठी हजारोंत अडकतो. त्यातला पिवळा कुर्ता पुन्हा कुठे घालायचा, हे कुणी सांगत नाही.

१९४७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथचं लग्न झालं, तेव्हा तिकडे कापडावर रेशनिंग होतं. तिच्या पोशाखासाठी देशभरच्या बायकांनी आपली कुपनं पाठवली. ती साभार परत करावी लागली, कारण एकाचं कुपन दुसऱ्यानं वापरणं बेकायदा होतं. आमच्याकडे पाहुण्याच्या खिशाला असा कायदा नाही.

खर्च करायचाच असेल, तर हिशेब तरी नीट करावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे अडीच हजारांच्या शेरवानीवर सव्वाशे रुपये कर, तर तीन हजारांच्या शेरवानीवर थेट ५४०. ताग्यातून फाडून घेतलेल्या कापडाला ५ टक्केच पडतात, आणि गावातल्या शिंप्याच्या हाताला काम मिळतं ते वेगळंच. एका दिवसाच्या शेरवानीसाठी तर भाड्याचं दुकान बरं. त्यात लाज कसली?

बायकांचा प्रश्न या मुलखानं केव्हाच सोडवून ठेवलाय. बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलची साडी, आपली इरकल, हातात घेऊन पाहावी. अंग सुती, पदर रेशमी. दोन्हींचे ताणे वेगळे; अंगाच्या दोऱ्यांचे फासे पदराच्या दोऱ्यांत अडकवून ते जोडतात, म्हणून एका वेळी एकाच साडीचा ताणा लागतो. लाल पदरावर पांढऱ्या गोपुरांसारखी टोप-तेनी. खाली गुळेदगुड्डच्या खणाची चोळी. या जोडीवर इथल्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही घरांतल्या कितीतरी आज्या लग्नाच्या पंगतीत मानानं बसल्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच साडीत रानात गेल्या. तोच खण आता पुण्या-मुंबईत कुर्ते आणि जॅकेटं होऊन चढ्या भावानं विकला जातो, आणि आमच्या मुली ऑनलाइन लेहंगा मागवतात. मागवोत बापड्या, पण आजीची इरकल नेसून आलेलीला फोटोच्या वेळी कडेला सरकवू नये.

पत्रिका अजून छापखान्यातच आहेत. ‘आहेर आणू नये’च्या खाली ‘असतील त्या कपड्यांत या’ ही ओळ घालायला जागा आहे. राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. त्याची अ‍ॅडमिन बहुधा नवरीची मावसबहीण असते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिला आजच गाठावं, रंग जाहीर व्हायच्या आत.