डबा सापडला नाही तर?

2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी रानात एक बादली दडवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून जिओकॅशिंग हा छंद जन्मला.

नियम सोपे आहेत. डबा शोधा, आतल्या वहीत नाव लिहा, वस्तू घेतली तर तितक्याच मोलाची ठेवा, डबा होता तिथेच ठेवा.

वाद होतो तो डबा न सापडल्यावर. काहीजण जवळचा नवा डबा तिथे ठेवतात आणि 'सापडला' अशी नोंद करतात. याला 'थ्रोडाउन' म्हणतात. ते म्हणतात, पुढच्याची सोय झाली. विरोधक विचारतात, जुना डबा तिथेच असेल तर?

मला विरोधकांचे पटते. डबा ही ठेवणाऱ्याची अमानत आहे. 'सापडला नाही' ही खरी नोंद वाचूनच तो जाऊन खात्री करतो. रानात पंच नसतो. पाहणारा फक्त अल्लाह. आपल्या मुलांनाही हेच शिकवूया: गणित सुटले नाही तर 'सुटले नाही' म्हणा, शेजाऱ्याच्या वहीतले उत्तर उतरवू नका.